दुसऱ्या पेटीचं पहिलं वाटण

"हळू, हळू! अंडी हायत का रं त्यात?" काशव्वा तिच्या दारातून ओरडली.

परशाने मोटरसायकल अंगणात उभी केली, पण उतरला नाही. मागे वाकळेत गुंडाळून दोरीने आवळलेलं ओझं होतं, आणि एक हात पाठीमागे नेऊन तो ते धरून बसला होता. मी हातातलं सूप टाकून धावले.

"आये, तू नको उचलू. जड हाय."

तेवढ्यात शेजारचा हणमा आला. दोघांनी मिळून ओझं घरात नेलं आणि दोरी सोडली. आत पहिलीसारखीच काळी पेटी. वर धरायला मूठ, पुढे आकडा दाखवणारी काच.

काशव्वा तोवर उंबऱ्याशी येऊन टेकली होती. "निलव्वा, पोरानं सवत आणली गं तुला. एक पेटी मालकाच्या उशाला होतीच, ही आता पायथ्याला. तू कुठं निजणार?"

"तुझ्याकडं येते. तुझं घोंगडं मोठं हाय."

खाटेवर आमचे मालक हसले. हसता हसता खोकला आला, आणि आम्ही सगळे होतो तिथे थांबलो. खोकला सरेपर्यंत बोलणं अर्ध्यावर धरून ठेवायचं, ही आमच्या घराची सवय झाली होती. काशव्वाला, हणमालासुद्धा.

मालकांचं नाव दुर्गाप्पा. आम्ही पाथरवट. पाटे, वरवंटे, जाती, उखळं घडवण्यात त्यांचा जन्म गेला. तोंडाला फडकं बांधून दगड फोडावा हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी बांधलं नसतं. वळचणीला बसून पाट्याला टाकी लावायचे तेव्हा भुवया, मिश्या, कानातले केस, सगळं पांढरं व्हायचं. जे बाहेर दिसत होतं ते आत पण साचत होतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला तर सगळीकडे बारीक ठिपके. मालकांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "आत दगड बसलाय म्हणा की. आता त्याला कोण टाकी लावणार?" डॉक्टर हसले नाहीत.

दोनदा दाखल केलं, दोनदा घरी आणलं. शेवटी श्वासाचं यंत्र दिलं. त्याची नळी नाकाशी लावायची. यंत्र बाहेरची हवा ओढून घेतं, तिच्यातली चांगली हवा तेवढी नळीतून सोडतं. फस्स, ठक. फस्स, ठक. त्याला भरावं लागत नाही, पण वीज मात्र सारखी लागते. आणि वीज आमच्या माळावर पाहुण्यासारखी यायची. म्हणून परशाने आदल्या वर्षी छपरावर सूर्याचे दोन पत्रे बसवले आणि पहिली पेटी आणली. वीज गेली की यंत्राची पिन पेटीत घालायची.

यावेळी मात्र डीपीच जळाली होती. सगळी वस्ती अंधारात. वायरमन आले, खांबाकडे मान वर करून बघितलं, "उद्या होईल" म्हणाले आणि गेले. तो उद्या काही उजाडला नाही. दिवेलागणीला लावलेली पेटी पहाटेच्या बऱ्याच आधी संपायची. पुढचा वेळ मी मालकांना पाठीशी धरून बसवायची आणि कोंबडा आरवायची वाट बघायची. मी परशाला फोन केला, "रात्रीला पुरत न्हाई रं पेटी." त्यावर तो हे घेऊन आला होता.

"दुकानातच भरून आणलीया," परशा म्हणाला. "बघ आये, किती हाय?"

मला अक्षरं आली ती नातवंडाचं तोंड बघायच्या वयात. अंगणवाडीच्या बाईंनी शिकवली. अक्षरांच्या आधी आकडे आले, म्हणून काच वाचायचं काम माझंच. मी वाकून वाचलं, "शंभर."

"शंभर म्हंजी काठोकाठ. पहिली संपत आली की यंत्राची पिन हिच्यात घालायची. आता रात्र निघाली."

छपरावरून खाली येणाऱ्या वायरला त्याने दुसरा फाटा जोडला आणि तो नव्या पेटीत खोवला. मालक खाटेवरून बघत होते.

"पत्रे?" त्यांनी विचारलं.

"पत्रे हायत ते दोनच, आप्पा. पुढच्या खेपेला आणतो."

"म्हंजी हीर एक, आणि मोटा दोन."

परशाने फाटा परत एकदा घट्ट दाबला. "ऊन पडलं की दोन्ही भरतील."

"ऊन पडलं की." मालकांनी दाराबाहेर बघितलं. आषाढ चालू होता. आमच्याकडे पाऊस थोडा, पण आषाढात आभाळ गोधडीसारखं अंथरलेलं असतं, दिवसचे दिवस निघत नाही. मग ते परशाकडे वळले. "लई झाक केलंस बाबा. येवढ्या लांबनं आणलीस."

जेवणाला मी पाट्यावर लसणाची चटणी वाटली. हा पाटा लग्नाच्या वर्षी मालकांनी माझ्यासाठी घडवलेला. मध्ये खोलगट झाला होता, पण मी दुसरा घेतला नव्हता. परशा तिसरी भाकरी मोडताना म्हणाला, "बेंदूर करून जातो."

"का?" मालकांनी विचारलं.

"सण हाय. आणि तुमची तब्येत…"

"तुझा मुकादम काय म्हणालाय?"

परशा भाकरीने ताटातली चटणी पुसत राहिला. मला ठाऊक होतं. बापासाठी धावत येण्यापायी त्याची दोन कारखान्यांतली कामं सुटली होती. या तिसऱ्या ठिकाणी त्याला सांगितलं होतं की आता न विचारता गेलास तर परत येऊ नको. आणि तिकडे सून दिवस भरत आलेली.

"राहायचं आसंल तर राहा," मालक म्हणाले, "पण मग पेटी परत ने. पेटी आणली कशासाठी? तू इथं बसाय नको म्हणूनच ना?"

"आप्पा, तुम्ही तर…"

"दोन पेट्या हायत, तुझी आये हाय. मला आणि काय लागतंय?"

निघताना परशा पाया पडला. मालकांनी त्याचा हात धरला, उलटा केला, तळवा अंगठ्याने चाचपून बघितला.

"मऊ झाल्यात हात तुझं," ते म्हणाले. "बरं झालं."

गाडीचा आवाज माळाच्या उतारावर विरला, तसं त्यांनी मला हाक मारली.

"निलव्वा, ही नवी पेटी वस्तीला दे."

"काय म्हणालात?"

"उद्या बेंदूर. आख्ख्या वस्तीचं मोबाईल मेल्यात. पोरी माहेरी येणार, कुणाला फोन लावायचा न्हाई, कुणाच्या घरात दिवा न्हाई. दे त्यास्नी."

"आणि तुमचं?"

"माझी पहिली हाय की. आता तर ऊन बी दिसतंय." खरंच तेव्हा ढगांतून थोडं पिवळं ऊन अंगणात उतरलं होतं. "संध्याकाळपातूर परत भरंल."

"आन् न्हाई भरली तर? अवो, पोरानं ऊर फुटेस्तोवर आणलीया ती. तुमच्यासाठी आणलीया."

"नव्या पाट्याचं पहिलं वाटण काय करत्यात?"

मी पेटीची दोरी गुंडाळायला घेतली.

"सांग की. पाथरवटाची बायकू हायस."

"फेकत्यात. न्हाईतर जनावराला घालत्यात."

"का?"

"दगडाची खर असती त्यात."

"मग? नवी वस्तू हाय. पहिला घास घरात घ्यायचा न्हाई. आधी बाहेर जाऊ दे, मग आपल्याला. पेटी झाली म्हणून रीत मोडायची व्हय?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी पाठ चोळत राहिले. ते रीतभात धरून बसणारे नव्हते, पण आजारी माणसाला कधी कशाचा आधार वाटेल सांगता येत नाही. मला वाटलं, त्यांना भीती वाटत असेल. नव्या वस्तूचं काही वाईट आपल्या श्वासात यायला नको, असं मनात आलं असेल. वायरमन पण सकाळी दिसले होते, नवी डीपी तिकडून निघाली म्हणाले होते. आणि अंगणात ऊन होतं.

मी हणमाला हाक मारली.

अर्ध्या तासात आमच्या अंगणात जत्रा भरली. हणमाने एका पट्टीला दुसरी पट्टी जोडून मोबाईलचं झाड केलं. ज्याचा त्याचा मोबाईल चिंध्यांनी ओळखू यावा म्हणून बायकांनी धागे बांधले. मग हणमाच्या डोक्यात आलं की कुठल्याशा मैदानावरच्या कुस्त्या आज टीव्हीवर आहेत. त्याचं घर भिंतीला लागूनच. त्याने वायर ओढली, टीव्ही सोप्यात आणून आमच्या अंगणाकडे तोंड करून ठेवला. मालकांची खाट आम्ही दाराशी ओढली. नळी पुरेपर्यंत.

"दुर्गाप्पा, तुमी लाल लांगेवाल्याकडनं का निळ्या?" हणमाने विचारलं.

"जो खाली हाय त्याच्याकडनं."

शेवटी काशव्वा आली. पदराखाली काहीतरी लपवलेलं.

"काय गं?" मी विचारलं.

"न्हाई म्हणणार नसलीस तर काढते." तिने मिक्सर काढला. "कटाच्या आमटीचं वाटण हाय. हात भरून येत्यात गं आता पाट्यावर."

सगळे मालकांकडे बघू लागले. मिक्सर आले आणि आमच्या वस्तीचा धंदा बसला. बाजारात दिवसभर पाटे मांडून संध्याकाळी तेच पाटे परत गाडीत चढवले होते आम्ही. मालकांनी मिक्सरकडे बघून हात जोडले.

"या पाव्हणं," ते म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो. लाव गं काशव्वा. वैऱ्याचं तोंड तरी बघू दे जवळनं."

मिक्सर घरघरला. पोरं हसली, बायका हसल्या, मालक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि त्या दिवशी हसताना त्यांना खोकला आला नाही. खोकला लागला की माणसं काही ना काही निमित्त काढून उठून जायची, त्यामुळे आमच्या अंगणात कित्येक महिन्यांत एवढी माणसं बसली नव्हती. त्या संध्याकाळी कुणी उठलं नाही. खालचा पैलवान उलटून वर आला तेव्हा मालकांनी खाटेच्या लाकडावर थाप मारली.

उन्हाची ती तिरीप केव्हाच गेली होती. माणसं पांगल्यावर मी काच वाचली. सहा.

"किती?" मालकांनी विचारलं.

"सहा."

"आता ती आपली झाली," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

ती रात्र पहिल्या पेटीने जेवढी काढायची तेवढी काढली, दुसरीतले सहा मी राखून ठेवले. बेंदराच्या सकाळी ऊन नव्हतं. ढग इतके खाली आले होते की समोरची खाण दिसेना. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज गावाकडून येत होता, पण बैल दिसत नव्हते. पत्र्यांवरून जे काही थोडं उतरत होतं ते दोन पेट्यांत वाटलं जात होतं. मी दुसऱ्या पेटीचा फाटा उपटला आणि सगळं पहिलीतच जाऊ दिलं. यंत्र लावलं की तेही पुरेना. आकडा चढायचं नाव घेत नव्हता. उतरत होता.

सकाळी परशाचा फोन आला. मी काही बोलायच्या आत मालकांनी हात पुढे केला.

"हां बाबा. पोचलास? … दोन्ही भरल्यात. व्हय, दोन्ही. … रात्री झोप लागली मस्त. काशव्वानं आमटी दिली, मिक्सरची. … सूनबाईला जप."

फोन माझ्याकडे देऊन ते उशीवर टेकले. ओठ जांभळट दिसत होते.

"खोटं का सांगितलं पोराला?" मी म्हणाले.

"काय खोटं? भरल्या न्हवत्या व्हय काल?"

काशव्वा धापा टाकत आली. तिने दवाखान्याच्या गाडीला फोन लावायला हणमाला पिटाळलं. मालकांनी मान हलवली. "तिथली छतं बघून झाली माझी," ते म्हणाले. "आपल्या घराचं आढं बघू दे जरा." हणमाने तरीही फोन लावला. गाडी दुसरीकडे गेली होती. येते म्हणाले.

दुपारी पहिल्या पेटीने टिंटिं करायला सुरुवात केली. मी पिन काढून दुसरीत घातली. यंत्र चाललं. मला वाटलं, सहा तर सहा. पण ते सहा पापणी लवते ना लवते तोच चार झाले, चाराचे दोन. दुसरी पेटी पण टिंटिं करू लागली.

"ती टिवटिव बंद कर," मालक म्हणाले.

काचेवर काहीच राहिलं नाही, तेव्हा ती आपोआप बंद झाली. मी पिन उपटून भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली. वीज नव्हती तरी घातली. बटण खाली दाबून ठेवलं. मग त्यांच्या मागे बसले आणि त्यांना पाठीशी धरलं, रोज पहाटे धरायची तसं. त्यांची पाठ माझ्या छातीवर उचलली जायची आणि पडायची. दगडावर घण पडण्याआधी माणूस जसा दम धरतो तसा एक एक श्वास ते धरत होते.

"निलव्वा."

"काय?"

"पाटा लई खोल झालाय तुझा. हणमाकडनं टाकी लावून घे."

"तुम्हीच लावा बरं झाल्यावर."

ते हसले असावेत. पाठीला कळलं मला. त्यानंतर ते बोलले नाहीत. काशव्वा पायांशी बसून तळवे चोळत होती. ढगातून एकदा पांढरा उजेड दारापर्यंत आला आणि परत गेला. थोड्या वेळाने माझ्या छातीवरचं वजन आहे तसंच राहिलं. हलेना.

वस्ती गोळा झाली. त्यांना खाली घ्यायचं म्हणून हणमाने खाट सरकवली, बायकांनी पदर तोंडाला लावले. कुणीतरी परशाला फोन करत होतं. ज्या मोबाईलवरून केला त्याला अजून तांबडा धागा होता.

आणि तेवढ्यात वीज आली. डीपी बसली होती. बाहेर पोरं नेहमीप्रमाणे "आली, आली!" म्हणून ओरडली आणि मग गप्प झाली. घरातला दिवा लागला. कोपऱ्यात यंत्र आपोआप सुरू झालं.

फस्स, ठक. फस्स, ठक.

नळी खाटेवर पडली होती, तिच्यातून हवा सुटत होती. मी त्याकडे बघत बसले. काशव्वाने उठून बटण बंद केलं.

परशा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. सगळं आटोपल्यावर, माणसं गेल्यावर, तो त्या दोन पेट्यांपुढे उकिडवा बसला.

"आये, दोन पेट्या होत्या. मग?"

"ढग होते," मी म्हणाले.

"ढग होते." त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "पत्रे आणाय पाहिजे होते. पेटी न्हाई, पत्रे. मलाच कळलं न्हाई. आप्पांनी विचारलं होतं गं. त्यांनी विचारलं होतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय सांगणार होते? तेव्हा मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

दिवसपाणी झाल्यावर हणमा आला आणि न सांगता त्याने माझ्या पाट्याला टाकी लावली. दुपारभर अंगणात टक टक चाललं होतं. संध्याकाळी मी मीठ आणि लसूण घेतला, वाटला, आणि फेकायच्या आधी, कशी कोण जाणे, बोटाने जिभेवर लावला. दातांखाली खर कचकन वाजली.

लग्नाच्या वर्षीचा हाच पाटा डोळ्यांपुढे आला. मी नवी नवरी. पहिलं वाटण फेकायला ताटलीत काढलं, तर या माणसाने ताटली ओढून घेतली आणि भाकरीशी सगळी चटणी खाल्ली. कचाकचा आवाज येत होता. मी म्हणाले, अवो, ते खायचं नसतं. तर म्हणाले, "ते गिऱ्हाइकानं. ज्यानं दगड फोडला त्यानं आधी खर खायची." पुढे प्रत्येक पाट्याचं, प्रत्येक जात्याचं पहिलं त्यांनीच तोंडात घातलं. बाजारात बायकांना मात्र दर वेळी बजावायचे, पहिलं फेका हं, पोटात घालू नका.

रीत गिऱ्हाइकासाठी होती. आमच्या घरात ती कधीच नव्हती. मग त्या दिवशी पेटीपुरती ती त्यांनी कुठून काढली?

मी चूळ भरली. पाटा धुतला आणि उभा करून ठेवला.

परशा पुढच्या खेपेला पत्रे घेऊन आला. मी नको म्हणाले तरी ऐकलं नाही. छपरावर चढला, चार पत्रे नीट ओळीत बसवले, वायर ओढली, खाली येऊन दोन्ही पेट्यांच्या फाट्यांना जोडली. यंत्र दवाखान्याने केव्हाच नेलं होतं. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "आता कितीबी ढग येऊ देत, आये."

त्याला मी काही सांगितलं नाही. अजून नाही. पोराला पोर झालं, ते पोर शाळेत जायला लागलं. तो येतो तेव्हा पहिल्यांदा पेट्यांपुढे वाकतो आणि हाक मारून मला विचारतो, किती आहे गं?

माझी नजर आता अधू झाली आहे, पण काच वाचायला काही लागत नाही. दोन्हींवर रोज तेच असतं.

"शंभर," मी सांगते.